दुधाचं रबर

पिंपळगाव बसवंतात हायवे सोडून बाजाराकडे वळलं की उजव्या हाताला निवृत्तीशेठचं दुकान लागतं. द्राक्षबागेत औषध मारायचे ब्लोअर, त्यांचे पंप, पाईप, नोजल आणि त्या सगळ्यांचे सुटे भाग तिथं मिळतात. दुकानाच्या तिन्ही भिंतींना लाकडी खण आहेत, दोनशे दहा. कुठल्या खणात काय आहे हे अकरा वर्षं एका बाईच्या डोक्यात होतं. तिचं नाव मैना.

मैना आहेरगावची. विहारामागच्या आळीत तिचं दोन खोल्यांचं घर. शिक्षण दहावीपर्यंत. दुकानात ती झाडलोट करायला म्हणून आली आणि तीन वर्षांत काउंटरमागे उभी राहिली. निवृत्तीशेठनं तिला उगाच नाही उभं केलं. त्याला दिसलं होतं की या बाईला माणसाचं बोलणं कळतं.

कारण शेतकरी भागाचं नाव घेत नाही. तो दुखणं सांगतो. कंपनीच्या पुस्तकात काय छापलंय ते त्याला ठाऊक नसतं आणि ठाऊक करून घ्यायची गरजही वाटत नाही. एक म्हणतो, पाईप उचक्या देतोय. दुसरा म्हणतो, डाव्या बाजूची नोजलं नुसती रडतात. तिसरा म्हणतो, तेल दूध झालंय, त्याचं रबर द्या. पंपातला डायफ्राम नावाचा रबरी पडदा फाटला की पाणी तेलात शिरतं आणि तेल दुधासारखं पांढरं होतं. म्हणून आख्ख्या निफाड तालुक्यात त्या पडद्याला दुधाचं रबर म्हणतात. कुणी म्हणतं पंप दुधाळला. कुणी म्हणतं पंपाचा चहा झाला. मैना ऐकायची, एखादा उलट प्रश्न विचारायची, मागं वळायची आणि न बघता खण ओढायची. एक्केचाळीस नंबरचा.

मग शेठचा मुलगा प्रफुल्ल नाशिकहून कॉम्प्युटरचा कोर्स करून आला. पोरगा हुशार होता, हे कबूल करायला हवं. त्यानं स्वतः बसून एक प्रोग्रॅम लिहिला. भागाचं नाव लिहायचं, बटण दाबायचं, की कुठल्या खणात किती नग आहेत ते पडद्यावर यायचं. नावं त्यानं कंपनीच्या पुस्तकातून घेतली. मैनेनं तेव्हाच सांगितलं होतं की भाऊ, लोक असं मागत नाहीत. प्रफुल्ल हसून म्हणाला की लोकांना शिकवू. आणि दुसऱ्या दिवसापासून काउंटरवर तो बसला, मैना मागं गोदामात माल मोजायला.

त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर दोन दिवस पाऊस लागला. ऑक्टोबरात छाटलेल्या बागा तेव्हा ऐन फुटीवर असतात, कोवळ्या पानामागून घड डोकावत असतो. अशा वेळी पानावर पाणी साचलं की डावणी येते. पानाखाली पांढरी बुरशी धरते आणि बघता बघता घड काळा पडतो. पाऊस थांबल्या थांबल्या औषध मारावंच लागतं. तास मोजायचे असतात, दिवस नाही.

आहेरगावचा गोरक्ष त्या संध्याकाळी चिखलानं भरलेल्या पायांनी दुकानात आला आणि म्हणाला, पंपाचं तेल दूध झालंय, त्याचं रबर द्या. प्रफुल्लनं ते शब्द जसेच्या तसे लिहिले, बटण दाबलं. पडद्यावर आलं, उपलब्ध नाही. गोरक्ष दुसऱ्या दिवशी नाशिकला जाऊन आला, तिथं दुकानांना दिवाळीची कुलपं. चौथ्या दिवशी त्याच्या दोन एकरांत एक घड धड राहिला नव्हता. आणि पाचव्या दिवशी त्याला कळलं की तेच रबर एक मिस्त्री याच दुकानातून मधल्या दिवशी घेऊन गेला. मिस्त्रीनं डायफ्राम म्हटलं होतं, एवढाच फरक.

गोरक्ष आला तो ओरडतच आला. दुकानात वीसेक माणसं होती. प्रफुल्लनं आधी पडद्याकडे बघितलं. मग त्यानं गोदामाच्या दाराकडे बोट केलं. तो म्हणाला की कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, माल लावायचं काम मैनेचं आहे, तिनंच तो दाबून ठेवला असणार. आणि वर एक वाक्य बोलला.

"अशा लोकांच्या हातात दुकान दिलं की हेच व्हायचं."

मैना दारात उभी होती, हातात मोजायची वही. अशा लोकांच्या म्हणजे कशा, हे तिथं कुणाला विचारावं लागलं नाही. निवृत्तीशेठ खाली बघत राहिला. गोरक्ष तिच्यासमोर जमिनीवर थुंकला आणि गेला. त्याच दुपारी तिचं काम सुटलं.

काम सुटल्याचं तिला फार वाटलं नाही. कामं मिळतात. पण आहेरगावात आता ती गोरक्षाचा बाग मारणारी बाई होती. नळावर बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या. गावातल्या एकाही बागेत तिला घडांच्या विरळणीला बोलावणं आलं नाही. अकरा वर्षं ज्या तोंडांनी तिला मैनाताई म्हटलं, ती तोंडं फिरली. तिचं म्हणून जे काही होतं ते तिचं नाव होतं, आणि ते एका वाक्यात गेलं होतं.

मैना रडली नाही. तिला बदला हवा होता. मी हे गोड करून सांगत नाही, कारण तिनं स्वतः ते कधी गोड केलं नाही. पंपात दाब धरून ठेवतात तसा तिनं राग धरला, काटा हलू दिला नाही. तिला प्रफुल्लचं दुकान बुडायला नको होतं, त्याचे हातपाय मोडायला नको होते. त्याच काउंटरवर, तेवढ्याच माणसांसमोर, त्याच तोंडातून तिला खरी गोष्ट हवी होती. पण त्याआधी खरं काय घडलं हे तिला स्वतःला कळायला हवं होतं. माल तिनं दाबला नव्हता. खणात होता. नोंदही होती. मग मशीन नाही का म्हणालं?

गावात काम नव्हतं म्हणून ती वणीच्या बाजूला जाऊ लागली. सकाळी सहाला बायकांची पिकअप निघायची. दिवसभर दिंडोरीकडच्या बागांत घड विरळायचे, औषधाच्या पाण्यात बुडवायचे. दुपारी बायका मांडवाखाली कलंडल्या की मैना फोन काढायची. फोनवर हिंदीत प्रोग्रॅम शिकवणारा एक मास्तर होता. तो फार भरभर बोलायचा. मैना त्याला थांबवायची, मागं न्यायची, पुन्हा बोलायला लावायची. बोटांना द्राक्षाच्या पानांचा हिरवा राप असायचा, तो काचेला लागायचा. बायका चेष्टा करायच्या की मैनेनं नवा नवरा केलाय, तोंडातून शब्द फुटायच्या आत त्याला गप्प करते.

मास्तरनं एक दिवस यादी शिकवली. डाव्या हाताला नाव, उजव्या हाताला त्याची माहिती. नाव दिलं की माहिती मिळते. मैना उठून बसली. हे तर प्रफुल्लचं दुकान होतं. तिनं फोनवर तीन ओळींची यादी केली, डायफ्राम एक्केचाळीस, वॉल्व्ह सतरा, ऑईल सील एकोणनव्वद, आणि विचारलं, डायफ्राम. फोन म्हणाला, सापडलं नाही.

अक्षर न् अक्षर बरोबर होतं. दोन दिवस ती त्यावर अडली. तिसऱ्या दिवशी कळलं की शब्दानंतर फोन आपणहून एक मोकळी जागा सोडतो, आणि मशीनला ती मोकळी जागाही एक अक्षरच वाटते. मग ती आलेल्या शब्दाच्या दोन्ही टोकांची जागा छाटायला शिकली. इंग्रजीत कुणी लहान अक्षरांत लिहो की मोठ्या, आधी सगळं लहान अक्षरांत आणायचं, हेही शिकली. बागेची छाटणी करतात तशी आलेल्या शब्दाची छाटणी. आता डायफ्राम कसाही लिहा, एक्केचाळीस येत होतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मांडवाखाली बसून तिनं गोरक्षाचे शब्द लिहिले. तेल दूध झालंय त्याचं रबर. फोन म्हणाला, सापडलं नाही.

तिथं तिला सगळं दिसलं. शब्द कितीही छाटला तरी हे सापडणार नव्हतं, कारण यादीत ते कुणी घातलेलंच नव्हतं. मशीन खोटं बोललं नव्हतं. त्याला फक्त एवढंच म्हणायचं होतं की हा शब्द मला माहीत नाही. आणि प्रफुल्लनं त्या जागी लिहून ठेवलं होतं, उपलब्ध नाही. माल संपला तरी तेच वाक्य, बोलणं कळलं नाही तरी तेच वाक्य. न कळण्याला त्यानं नसण्याचा सदरा घालून दिला होता. त्या सदऱ्यापायी गोरक्षाचा बाग गेला आणि तिचं नाव गेलं.

मैना पुन्हा कामाला लागली, पण त्या दिवशी तिच्या हातांना घड दिसत नव्हते.

त्यानंतर तिनं वही केली. ज्या बागेत जाईल तिथल्या ट्रॅक्टरवाल्याला विचारायची, दादा, हे बिघडलं की तुम्ही काय म्हणता. पेठकडून आलेले मजूर वेगळं म्हणायचे, सटाण्याकडचे वेगळं. चैत्र संपेपर्यंत तिच्याकडे अकराशे बोलणी जमली होती. ती तिनं एकेका खऱ्या नावासमोर बसवली, एका नावाला वीस, एका नावाला चाळीस. जिथं एकच बोलणं दोन भागांना लागू होतं तिथं मशीननं अंदाज करायचा नाही, उलट विचारायचं, जसं ती काउंटरवर विचारायची. पाईप उचक्या देतोय तर दाबाचा काटा नाचतो का? नाचत असेल तर हवेच्या कोठीचं रबर. नसेल तर वॉल्व्ह. आणि काहीच जुळलं नाही तर म्हणायचं, मला समजलं नाही, वेगळ्या शब्दांत सांगा.

प्रोग्रॅम तयार होता. तरी ती गप्प राहिली. एकट्या गोरक्षाला सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं नसतं, किंवा ऐकून तो प्रफुल्लला एकांतात बोलला असता आणि प्रफुल्लनं चार शब्द यादीत घालून विषय मिटवला असता. तिला वीस माणसं हवी होती.

या गप्प राहण्यात मे महिना आला. एका संध्याकाळी बागेतून परतताना ती निवृत्तीशेठच्या दुकानासमोरच्या टपरीवर गावाकडच्या गाडीची वाट बघत चहा घेत होती. दुकानातून झुंबर बाहेर आला. म्हातारा माणूस, कारसूळचा, एक एकराचा बाग. तो टपरीवाल्याला सांगत होता की पाईप उचक्या देतोय म्हटलं तर ते पोरगं म्हणतं असलं काही नाय. एप्रिलातल्या खरड छाटणीनंतरची कोवळी फूट थ्रिप्स नावाचे बारीक किडे खात होते, आणि पुढच्या छाटणीनंतर येणारा घड याच फुटीच्या पोटात घडत असतो. मैनेनं त्याचं बोलणं ऐकलं. काटा नाचतो का, एवढंच विचारायचं होतं. हवा तो खण रस्त्यापलीकडेच होता. पण खरं नाव सांगून आज झुंबरला भाग मिळाला तर प्रफुल्ल सावध होणार होता. तिनं कपात बघितलं. झुंबर गेला.

दुकानाची खंडेनवमी सगळ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. त्या दिवशी पान्यांना, स्क्रू-ड्रायव्हरला, तराजूला, सगळ्या हत्यारांना झेंडूच्या माळा घालून पूजा व्हायची. अकरा वर्षं मैनेनंच ती हत्यारं रॉकेलनं पुसून लखलखीत केली होती आणि पूजेच्या वेळी ती पायरीवर उभी राहिली होती, कुंकवाला हात न लावता. पूजा झाली की निवृत्तीशेठचा चाळीस वर्षांचा रिवाज होता. पहिलं गिऱ्हाईक जे मागेल ते शेठनं स्वतःच्या हातानं, पेढ्यासकट द्यायचं. त्या दिवशी त्या दुकानात नाही हा शब्द उच्चारायचा नाही.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मैना गोरक्षाच्या बागेत गेली. तो छाटणी करत होता. तिला बघून त्यानं कात्री खाली केली नाही.

"गोरक्षभाऊ, माझ्यावर विश्वास ठेवू नका. उद्या फक्त पहिलं तुम्ही मागा. गेल्या वर्षी जे मागितलं तेच, त्याच शब्दांत."

"त्यानं काय व्हनार?"

"माल मी दाबला होता की नाही ते तुम्हाला तुमच्या डोळ्यांनी दिसेल."

तो पुढच्या वेलाकडे वळला. पण दुसऱ्या दिवशी तो आला.

प्रफुल्लनं यंदा भिंतीवर मोठा टीव्ही लावला होता. कॉम्प्युटरवर जे दिसेल ते सगळ्यांना टीव्हीवर दिसावं, म्हणजे दुकान किती पुढं गेलंय ते कळेल. त्यानं जाहीर केलं की यंदाची पहिली मागणी कॉम्प्युटर शोधणार. चाळीसेक माणसं जमली होती. कुणी म्हणालं की शेठ, ट्रॅक्टर मागू का, आणि शेठ म्हणाला की माग, खणात मावला तर देतो. मैना पायरीवर उभी होती, दरवर्षीसारखी. आरती झाली, टीव्हीलाही कुंकू लागलं. गोरक्ष पुढं झाला.

"पंपाचं तेल दूध झालंय. त्याचं रबर द्या."

हसणं थांबलं. गेल्या दिवाळीची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. प्रफुल्लनं लिहिलं. टीव्हीवर हातभर अक्षरांत आलं, उपलब्ध नाही. त्यानं घाईनं रबर एवढंच लिहिलं. उपलब्ध नाही. दूध रबर. उपलब्ध नाही. मागून कुणीतरी म्हणालं की म्हशीचं लिहून बघ, आणि दोन-चार जण हसले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या दुकानात खंडेनवमीला नाही उमटलं होतं, तेही तीनदा.

"डायफ्राम लिहा," मैना पायरीवरून म्हणाली.

प्रफुल्लनं वर बघितलं. त्याला कळलं. त्यानं हात मागं घेतला. निवृत्तीशेठ हातात पेढ्यांचं ताट घेऊन उभा होता. तो हळू आवाजात म्हणाला, लिही. प्रफुल्लनं लिहिलं. खण एक्केचाळीस. नग सहा.

शेठनं स्वतः जाऊन खण ओढला. सहा रबरं होती. गोरक्ष त्यांच्याकडे बघत राहिला आणि मग त्यानं मान वळवून मैनेकडे बघितलं. तेव्हा मैनेनं अकरा वर्षांत पहिल्यांदा पूजेच्या दिवशी ती पायरी ओलांडली.

"प्रफुल्लशेठ, गेल्या वर्षी तुम्ही सगळ्यांसमोर बोलला होतात. आता सगळ्यांसमोर सांगा, माल होता का?"

"प्रोग्रॅममध्ये तो शब्द नव्हता," प्रफुल्ल म्हणाला.

"माल होता का?"

"होता."

"मग नाही कोण म्हणालं?"

तो टीव्हीकडे बघू लागला. मैना थांबली. तिला घाई नव्हती, वर्षभर ती थांबलीच होती. शेवटी तो ओठांतल्या ओठांत म्हणाला, मला समजलं नाही. मैना म्हणाली, मागच्यांना ऐकू आलं नाही. प्रफुल्लनं मान वर केली.

"माल होता. गोरक्षभाऊ काय मागतायत ते मला समजलं नाही. मैनेनं काही केलं नव्हतं."

गोरक्षानं ते रबर घेतलं नाही. तो तिच्याजवळ आला, ताई म्हणाला आणि त्यानं हात जोडले. निवृत्तीशेठनं तिला परत यायला सांगितलं, काउंटर तुझाच आहे, म्हणाला, आणि तुला येत असेल तर हा प्रोग्रॅमही नीट करून दे. मैना म्हणाली की येतं मला, पण शेठ, तुमच्याकडे नाही करणार. अशा लोकांच्या हातात दुकान देऊ नका. ती हे हसत म्हणाली नाही.

ती बाहेर आली तेव्हा रस्त्यावर झुंबर उभा होता. गर्दीत मागं तोही होता. बाकीच्यांनी जे बघितलं त्याच्या पलीकडचं त्यानं बघितलं होतं.

"मे महिन्यात तू टपरीवर व्हतीस," तो म्हणाला. "मी उचक्या म्हनत व्हतो ते ऐकत व्हतीस."

"हो."

"मशीनला आपलं बोलनं कळत नाय, हे तवा तुला म्हाईत व्हतं?"

"संक्रांतीपासून."

"औंदा लवकर छाटनी केली, पन माझ्या बागेला घडच नाय. फूट आली, नुसती पानं."

  मैनेनं माफी मागितली नाही, कारण तीच वेळ पुन्हा आली असती तर ती पुन्हा कपातच बघत बसली असती, आणि खोटी माफी तिला प्रफुल्लकडूनही नको होती. झुंबर बाजाराकडे चालू लागला.

दसऱ्यानंतर सोमनाथनं तिला बोलावलं. त्याचं छोटं दुकान निवृत्तीशेठच्या बरोबर समोर आहे. आता तिथं तिचा प्रोग्रॅम चालतो. वणीपासून माणसं येतात, दुखणं सांगतात आणि भाग घेऊन जातात. आहेरगावात नळावर बायका तिला जागा करून देतात. गोरक्ष दर छाटणीला तिला पहिलं बोलावणं धाडतो. मुकादम म्हणून, मजूर म्हणून नाही. तिला जे हवं होतं ते सगळं तिला मिळालं.

फक्त झुंबर येत नाही. त्याला काही लागलं की तो सोमनाथच्या दारावरून, निवृत्तीशेठच्या दारावरून ट्रॅक्टर तसाच पुढं काढतो आणि निफाडला जातो. जाताना इकडं बघत नाही. मैना मात्र हातातलं काम थांबवून ट्रॅक्टर वळणाआड जाईपर्यंत बघते, आणि मग समोरच्या गिऱ्हाइकाला विचारते, हं, काय म्हणालात?